वैशाखांतील किनारा

चैत्र सरून वैशाख लागला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या, कीं मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची दृष्टि कोंकणाकडे वळते. कोणाचें तेथें आजोळ असतें, कोणाचें वडिलोपार्जित घर. ज्यांचें यांपैकीं कांहींच नसतें, तीं मंडळी चार दिवस भाड्याच्या खोलींत उतरून समुद्राची हवा खातात. आंबा, फणस, काजू आणि करवंदें हा या महिन्याचा मेवा. सकाळीं समुद्रस्नान आणि संध्याकाळीं वाळूंत फेरफटका हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. या मंडळींना परतल्यावर कोणीं विचारलें, “किनाऱ्यावर पक्षी कोणते पाहिलेत?” तर बहुधा उत्तर येतें, “कावळे आणि घारी. या उन्हांत दुसरें काय दिसणार?”

हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत हाच किनारा पाहुण्यांनीं गजबजलेला असतो. सैबेरिया, मध्य आशिया, हिमालयापलीकडील सरोवरें अशा दूरदूरच्या प्रदेशांतून कुरव, चिखले, तुतारी इत्यादि पक्ष्यांचे थवे येथें हिंवाळा काढण्यासाठीं उतरतात. आणि ऊन तापूं लागलें कीं मार्च-एप्रिलच्या सुमारास ते आपल्या मायदेशीं परततात. मागें राहतात ते बहुतेक कोंवळ्या वयाचे. त्यांना त्या वर्षीं संसार थाटावयाचा नसतो. मग हजारों मैलांचा प्रवास तरी कशासाठीं करावयाचा? ओहोटीच्या ओल्या पट्ट्यावर मळकट वेषांतले असे चार-दोन चिखले मे महिन्यांत दिसले, तर ते वाट चुकलेले आहेत असें समजण्याचें कारण नाहीं. ते यंदा गेले नाहींत, इतकेंच.

परंतु पाहुणे निघून गेले म्हणून घर ओस पडत नाहीं. उलट घरची मंडळी मोकळेपणानें आपल्या कामास लागतात. किनाऱ्यावरील प्राण्यांचेंहि तसेंच आहे. ज्यांचा हा कायमचा मुलूख, त्यांचें वर्षांतील सर्वांत महत्त्वाचें काम याच दिवसांत चाललेलें असतें, आणि तें काम म्हणजे पुढची पिढी जगांत आणणें. कोणाचीं अंडीं वाळूंत पुरलेलीं असतात, कोणाचीं उघड्या माळावर पडलेलीं असतात, कोणाचीं पिलें नुकतींच पंख पसरूं लागलेलीं असतात. पावसाळ्याच्या आधीं हें काम ज्यांना उरकावयाचें असतें, त्यांची धांदल वैशाखांत शिगेस पोहोंचते. थोडक्यांत, कोंकणचा सातशे किलोमीटरांहून लांब किनारा या महिन्यांत एक विस्तीर्ण सूतिकागृह झालेला असतो. आणि नेमक्या याच महिन्यांत शहरांतील हजारों माणसें तेथें सुटी घालविण्यासाठीं येतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा या भाषणाचा विषय आहे.

आरंभ टिटवीपासून करणें योग्य होईल, कारण समुद्रतीरावरील अंड्यांची आपल्या वाङ्मयांतील सर्वांत जुन्या गोष्टींपैकीं एक तिचीच आहे. पंचतंत्रांत एक टिट्टिभ दांपत्य समुद्राच्या कांठीं राहतें. मादी म्हणते, येथें अंडीं घालणें धोक्याचें आहे, भरती तीं वाहून नेईल. नर म्हणतो, समुद्राची काय छाती आहे! समुद्र हें ऐकतो आणि अंडीं पळवितो. मग सर्व पक्षी मिळून गरुडाकडे गाऱ्हाणें नेतात, गरुड विष्णूकडे जातो, आणि विष्णूच्या धाकानें समुद्र अंडीं परत करतो. गोष्टींतील नीति कांहींहि असो. गोष्ट रचणाऱ्यानें टिटवीचें जीवन जवळून पाहिलें असलें पाहिजे, यांत संशय नाहीं. टिटवी खरोखरीच उघड्या जमिनीवर अंडीं घालते, आणि आपल्या देहाच्या मानानें फारच मोठ्या शत्रूंशीं झगडते.

पुळणीमागचा माळ, मिठागराचा बांध, नांगरून टाकलेलें शेत अशा जागीं जमिनीला एक उथळ खळगा पाडावयाचा आणि भोंवतीं चार खडे मांडावयाचे, एवढाच टिटवीच्या घरट्याचा थाट. त्यांत बहुधा चार अंडीं असतात, टोंकें आंत केलेलीं. मातकट रंगावर काळे-तपकिरी डाग असे, कीं दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाहि तीं खड्यांतून वेगळीं ओळखूं येत नाहींत. सुमारें चार आठवडे हीं अंडीं सांभाळावीं लागतात. ऐन दुपारीं टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली म्हणजे ती त्यांना ऊब देत आहे असें वाटतें. वास्तविक ती त्यांना सांवली देत असते. अति ऊन झालें तर नर किंवा मादी जवळच्या पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवून येते आणि त्या ओलाव्यानें अंडीं थंड ठेवते. वैशाखांत अंडीं उबविण्यापेक्षां निवविणें हेंच अधिक कठीण काम असतें.

आतां अशा ठिकाणीं एखादें कुटुंब सतरंजी पसरून बसलें, तर काय होतें? टिटवी ओरडत उठते, डोक्यावर घिरट्या घालते, जमिनीवर उतरून पंख मोडल्याचें सोंग आणते. मुलांना मौज वाटते. मंडळी निवांतपणें तासभर बसतात आणि निघून जातात. त्यांनीं कोणाला दगड मारलेला नसतो, कांहीं उचललेलें नसतें. परंतु त्या तासांत अंडीं उघड्या उन्हांत तापलेलीं असतात, आणि पक्षी घरट्यावरून उठला आहे हें शेजारच्या कावळ्यानेंहि पाहिलेलें असतें. टिटवीचें ओरडणें अशुभ मानण्याची जुनी समजूत आहे. ज्याच्या भोंवतीं ती दिवसाढवळ्या ओरडत फिरते, त्यानें त्या ओरडण्याचा एकच अर्थ घ्यावा : जवळ अंडीं किंवा पिलें आहेत, आणि आल्या वाटेनें परत फिरावें.

टिटवीचीं अंडीं डागाळलेलीं असतात, पण तिच्या शेजाऱ्यांचीं तशीं नसतात. पुळणीच्या कडेला जेथें वाळूचा उंचवटा असतो तेथें वेडा राघू नांवाचा हिरवा, लांब शेपटीचा पक्षी आपल्या चोंचीनें बीळ खणतो. तें हात-दीड हात आंत जातें, आणि शेवटीं थोडी रुंद जागा करून तेथें मादी अंडीं घालते. तारेवर बसून माश्या, चतुर आणि मधमाश्या झेपेसरशीं पकडणारा आणि त्यांना फांदीवर आपटून मग गिळणारा हा पक्षी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचें घर पायांखालीं असतें, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. खाडीच्या मातीच्या दरडींत खंड्याहि असेंच बीळ करतो. या दोघांचींहि अंडीं पांढरीं शुभ्र असतात. अंधाऱ्या बिळांत रंगाचा उपयोग तो काय? अंड्याचा रंग पाहून तें उघड्यावर घातलेलें आहे कीं झांकल्या जागीं, याचा तर्क पुष्कळदां करतां येतो. नियमाला अपवाद आहेत. पण मुलांना निरीक्षणाची गोडी लावण्यास एवढें एक सूत्र पुरेसें आहे. वाळूच्या उंचवट्यावरून मोटार नेली, तर हें बीळ क्षणांत ढांसळतें आणि वर कांहीं खूणहि राहत नाहीं.

पांढऱ्या अंड्यांचा तिसरा आणि सर्वांत मोठा ठेवा कासवांचा. ऑलिव्ह रिडले जातीचीं सागरी कासवें मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळांत रात्रीं किनाऱ्यावर येतात. मादी मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनीं वाळूंत हातभर खोल खड्डा खणते, त्यांत शंभराच्या आगेमागे अंडीं घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते आणि समुद्रांत निघून जाते. पुढें तिचा आणि पिलांचा कांहीं संबंध राहत नाहीं. वाळूच त्यांची आई होते. ४५ ते ६० दिवसांत पिलें बाहेर पडतात, म्हणजे उशिरां घातलेल्या अंड्यांचीं पिलें एप्रिल-मे महिन्यांतच जन्मास येतात. विशेष असें, कीं नर व्हावयाचा कीं मादी, हें या प्राण्यांत वाळूच्या उष्णतेवर ठरतें. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, निवळ राहिली तर नर अधिक. पृथ्वीचें हवामान तापत चाललेल्या आजच्या काळांत या गोष्टीला केवढें महत्त्व आहे, हें सांगावयास नकोच.

रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांत बाणकोटच्या खाडीजवळ वेळास हें गांव आहे. नाना फडणविसांच्या घराण्याचें मूळ गांव म्हणून इतिहासाच्या वाचकांना तें ठाऊक असेल. आतां तें कासवांचें गांव म्हणून ओळखलें जातें. पूर्वी या किनाऱ्यावरील घरटीं माणसें, कोल्हे आणि कुत्रीं यांच्या तावडींतून क्वचितच सुटत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें ग्रामस्थांना बरोबर घेऊन संरक्षणाचें काम सुरू केलें. पहांटे किनारा पायीं तुडवावयाचा, माग पाहून घरटें शोधावयाचें, अंडीं हलक्या हातानें उचलून कुंपणाच्या आंत तेवढ्याच खोल खड्ड्यांत पुन्हां पुरावयाचीं, आणि पिलें निघतांच त्यांना समुद्राकडे जाऊं द्यावयाचें, असा हा क्रम. जे हात अंडीं काढून नेत, त्यांतलेच कांहीं हात पुढें तीं राखूं लागले. पाहावयास येणाऱ्यांची सोय गांवांतल्या घरांतूनच होऊं लागली, त्यांतून दोन पैसे गांवाला मिळूं लागले, आणि कासव जिवंत राहण्यांत आपलें हित आहे हें गांवानें ओळखलें. आंजर्लें, गुहागर इत्यादि ठिकाणींहि पुढें हें काम पसरलें.

या कासवांचा प्रवास थक्क करणारा आहे. २०२२ सालीं वेळास, आंजर्लें आणि गुहागर येथील पांच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांना प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशीं नांवें देण्यांत आलीं, आणि पश्चिम किनाऱ्यावरील कासवें कोठें जातात याची माहिती प्रथमच मिळूं लागली. त्याहून नवल २०२५ सालीं घडलें. ओरिसाच्या किनाऱ्यावर २०२१ सालीं जिच्या पायाला खुणेचा बिल्ला लावला होता, ती मादी २०२५ च्या जानेवारींत गुहागरच्या वाळूंत अंडीं घालतांना आढळली. हिंदुस्थानच्या पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील कासवें अगदीं निराळीं, हा समज त्या एका बिल्ल्यानें डळमळीत केला. ज्या पुळणीवर सुटींतले लोक चेंडू खेळतात, तेथें एखादी यात्रेकरू भारतवर्षाला वळसा घालून आलेली असूं शकते.

परंतु येथेंच खरा पेंच आहे. पाहणारे आले म्हणून कासव वांचलें. आणि पाहणारे फार झाले, तर तेंच त्याच्या मुळावर येईल. वाळूंतून बाहेर पडलेलें पिलूं उजळ क्षितिजाकडे धांवतें. मनुष्यवस्ती नव्हती तेव्हां रात्रीच्या वेळीं समुद्रच अधिक उजळ असे. म्हणून त्याची ही उपजत बुद्धि त्याला बरोबर पाण्यांत नेई. आज किनाऱ्यालगतच्या निवासगृहांचे झगझगीत दिवे त्याला उलट दिशेला ओढतात, आणि सूर्य उगवेपर्यंत तें कावळ्यांचें भक्ष्य होतें. पिलाला हातावर घेऊन छायाचित्र काढण्याच्या हौसेचीहि तीच गोष्ट. वाळूवरून समुद्रापर्यंतचा तो चिमुकला प्रवास पिलानें स्वतः करावा हें इष्ट असतें. त्याची वाट मोकळी ठेवणें आणि दिवे मालविणें, एवढीच मदत माणसानें करावयाची.

पुळणीवरून खाडीकडे वळलें, म्हणजे दृश्य पालटतें. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलांत निवट्या उड्या मारीत असतात, खेकडे बिळांच्या तोंडाशीं बसून एक मोठी नांगी हालवीत असतात, आणि कांदळवनाच्या मुळ्यांच्या गुंत्यांत माशांचीं बारीक पिलें वाढत असतात. मोठ्या खाड्यांतून पहांटेच्या वेळीं पाणमांजरांचें एखादें कुटुंब पोहतांना दिसण्याचा योग येतो. मुंबईकरांना तर यासाठीं दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. ठाण्याच्या खाडींत गेलीं तीस वर्षें रोहित पक्ष्यांचे थवे येत असतात, आणि कांहीं वर्षीं त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली आहे. या खाडीचा एक भाग २०१५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत तिचा समावेश झाला.

रोहित येथें अंडीं घालीत नाहींत. पाऊस जवळ आला कीं ते कच्छच्या रणाकडे निघतात. म्हणून मे महिना हा त्यांचा शिदोरी बांधण्याचा महिना असतो. वांकडी चोंच उलटी करून चिखलांतील सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेण्याचें त्यांचें काम सारखें चालू असतें, आणि पंखांचा गुलाबी रंगहि त्या अन्नांतूनच येतो. आकाशांतील त्यांच्या वाटेवर आज विमानांची वाटहि आहे. २० मे २०२४ रोजीं रात्रीं मुंबईच्या घाटकोपर भागावर त्यांचा एक थवा उतरणाऱ्या विमानाला धडकला आणि सुमारें ४० पक्षी गतप्राण झाले. खाडी, दिवे, तारा, इमारती आणि विमानें यांच्या गर्दींत हे पक्षी दरवर्षीं येतात, हेंच आश्चर्य म्हणावयाचें. तें गृहीत धरून चालणें शहाणपणाचें नाहीं.

किनाऱ्यावर मान वर करून पाहण्यासारखा पक्षी म्हणजे समुद्रगरुड. पुष्कळ लोक लालसर अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारीलाच गरुड समजतात. समुद्रगरुड तिच्याहून फार मोठा. डोकें व पोट पांढरें, पाठ राखी, शेपूट आंखूड व पाचरीच्या आकाराची, आणि पसरलेल्या पंखांचा विस्तार सुमारें दोन मीटर. तो पंख किंचित् वर उचलून तरंगतो, ही त्याची दुरून पटणारी खूण. मासे आणि समुद्रसर्प हें त्याचें आवडतें खाद्य. जुनाट आंब्यासारख्या उंच झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यांचें मोठें घरटें करून तें जोडपें वर्षानुवर्षें त्याचीच डागडुजी करीत राहतें. अंडीं हिंवाळ्यांत घातलेलीं असतात. वैशाखांत तपकिरी रंगाचीं तरुण पिलें आईबापांमागून आकाशांत फिरत शिकार शिकत असतात.

हें घरटें ज्या झाडावर असतें, तें झाड बहुधा कोणाच्या तरी मालकीचें असतें. वैशाख हा कोंकणांत आगोटीचाहि महिना : पावसाळ्याची बेगमी करावयाची, सरपण भरावयाचें, घराचे वासे बदलावयाचे. मुंबईहून आलेला धनी आणि गांवांतला वाटेकरी यांची गांठ याच दिवसांत पडते, आणि परसांतील जुनें झाड तोडावें कीं ठेवावें, हा निर्णय याच दिवसांत होतो. गरुडाचें जोडपें त्या झाडावर वीस वर्षें नांदत आहे, ही गोष्ट त्या हिशेबांत कोठेंच येत नाहीं. कारण ती सांगणारा कोणी नसतो. ज्यांचीं कोंकणांत घरें आहेत त्या श्रोत्यांनीं झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वीं त्याच्या शेंड्याकडे एकदां पाहावें, एवढें मागणें कांहीं फार नव्हे.

किनाऱ्यापासून आंत समुद्रांतहि हेंच सूतिकागृह पसरलेलें आहे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रांत उघड्या खडकांचा एक पुंजका आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी त्यांना जळकीं बेटें म्हणत. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून सर्वांस माहीत आहेत. पण ते त्याआधीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते, आणि १८७५ सालच्या आपल्या सागरप्रवासांत ते या खडकांवर जाऊन आले होते. तेथील एका गुहेंत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही चिमणीहूनहि लहान पाकोळी आपल्या लाळेनें, शेवाळ व पिसें मिसळून, गुहेच्या उभ्या भिंतीला अर्ध्या वाटीसारखें घरटें चिकटविते आणि त्यांत दोन पांढरीं अंडीं घालते. गुहेच्या अंधारांत ती टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. लाळेचीं हीं घरटीं पूर्वेकडील देशांत मोठ्या किंमतीचें पक्वान्न समजलीं जातात. त्या लोभानें येथेंहि त्यांची चोरी होत असे, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ती उघडकीस आल्यावर रक्षणाची व्यवस्था करण्यांत आली.

याच खडकांवर उन्हाळा संपून पाऊस येण्याच्या संधीस सुरय जातीचे समुद्रपक्षी विणीसाठीं जमतात. कपारीच्या सांवलींत, दगडाच्या आडोशास, काटकी-गवताशिवाय अंडें घातलेलें असतें. त्या सुमारास समुद्र खवळूं लागतो आणि लहान होड्यांना तेथें पोहोंचणें कठीण होतें. लाटांचा तटच त्या अंड्यांचें रक्षण करतो. म्हणून असल्या जागा नावेंतून, दुरून आणि दुर्बिणीनें पाहाव्या. उतरून पाहण्याचा हट्ट धरूं नये. जातांयेतां डॉल्फिनांची, म्हणजे कोळी लोक ज्यांना गादे म्हणतात त्यांची, एखादी टोळी पाण्याबाहेर पाठी काढतांना दिसली, तर नावाड्याला यंत्र मंद करावयास सांगावें आणि त्यांच्या मागें लागूं नये. पाठलाग न केलेली टोळी बहुधा अधिक वेळ दिसते, असा जाणत्या नावाड्यांचा अनुभव आहे.

आतां पाहावें कसें, हा प्रश्न राहिला. किनाऱ्यावरील घड्याळ सूर्याचें नसून चंद्राचें आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. भरतीची वेळ काढण्याची जुन्या लोकांची एक सोपी रीत आहे : तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितके वाजतां त्या दिवशीं भरती पूर्ण होते असें ढोबळ मानानें समजावें. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पंचमीस पावणेचार वाजतां भरती, तर दहाच्या आसपास ओहोटी. पंधरा तिथ्यांनंतर पुन्हां पहिल्यापासून मोजावें. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असतें, त्या दिवशीं ओहोटीला पाणी सर्वांत दूर जातें. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हां थोडें हटतें. ओहोटी लागतांना, आणि सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं किंवा सायंकाळीं, असा मेळ ज्या दिवशीं जमेल तो दिवस पाहण्यास उत्तम. ओल्या वाळूवरून चालावें, कोरड्या वाळूच्या वरच्या पट्ट्यावरून नव्हे. कारण अंडीं कोरड्या पट्ट्यांतच असतात. कुत्रा बरोबर असेल तर त्याला सांखळींत ठेवावा, आणि मोटार रस्त्यावरच उभी करावी.

निरीक्षणासाठीं फार फिरावें लागतें, हाहि एक भ्रम आहे. डॉक्टर सलीम अली १९३० सालीं जर्मनींतून शिकून परत आले तेव्हां त्यांना नोकरी नव्हती. म्हणून ते अलिबागजवळ किहीम या किनाऱ्यावरील गांवीं जाऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरण पावसाच्या सुमारास घरटीं विणते. ते रोज त्यांच्यापुढें बसून राहिले, आणि त्या बसण्यांतून एक नवी गोष्ट जगाला कळली : घरटें विणतो तो नर, तें अर्धें झालें कीं मादी येऊन पारखते, पसंत पडलें तरच राहते, आणि मग तोच नर दुसरें घरटें विणावयास घेऊन दुसऱ्या मादीला बोलावितो. हिंदुस्थानांतील एवढ्या परिचयाच्या पक्ष्याचा संसार तोंपर्यंत कोणीं नीट पाहिलेला नव्हता. साधन काय, तर एक बसावयाची जागा, एक टिपणवही आणि पक्ष्याला आपला त्रास होणार नाहीं इतकें अंतर.

मे महिना संपला कीं कोळीवाड्यांतल्या होड्या ओढून वर घेतल्या जातात, झांपांनीं शाकारल्या जातात. १ जूनपासून पुढें दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. ज्यांचें पोट त्या समुद्रावर अवलंबून आहे, तीं माणसें पुढच्या पिढीसाठीं दोन महिने जाळें खुंटीला टांगतात. सुटींत येणाऱ्या शहरवासीयांकडून याहून फार थोड्याची अपेक्षा आहे : वाळूच्या वरच्या पट्ट्यावर पाय न देणें, टिटवी ओरडली कीं मागें फिरणें, रात्रीं किनाऱ्याकडील दिवा मालविणें, झाड तोडण्यापूर्वीं वर पाहणें. इतकें संभाळून जो चार दिवस डोळे उघडे ठेवील, त्याला परतल्यावर कोणीं विचारलें कीं किनाऱ्यावर काय पाहिलेंत, तर कावळे आणि घारी एवढेंच उत्तर देण्याची वेळ त्याच्यावर येणार नाहीं. आणि पुढच्या वैशाखांत त्याचीं मुलें तेथें गेलीं, तर त्यांनाहि पाहावयास कांहीं शिल्लक राहील.